खांद्यावरून मागे

नोवी साद, सर्बिया
५ जानेवारी २०२५

नर्मदाबाई यांना नमस्कार.

पार्सल मिळालं. मेतकूट, सुक्या बोंबलाची चटणी आणि बाबांचा जुना स्वेटर, तिन्ही सुखरूप. चटणीचा डबा मात्र खिडकीबाहेर ठेवावा लागला. आमच्या घरमालकीण मिलेनाबाईंना वाटलं, घरात कुठलातरी पाइप फुटलाय.

फोनवरच तुमचे आभार मानायचे होते. पण फोन बाबांच्या हातात असतो आणि कायम स्पीकरवर असतो. त्यांचं 'जेवलीस का, थंडी किती, पगार झाला का' संपेपर्यंत माझी कारखान्याच्या प्रयोगशाळेची बस येते. म्हणून हे पत्र. पत्र स्पीकरवर टाकता येत नाही.

इथली एक गंमत सांगते. गेल्या रविवारी सकाळी खालून आरडाओरडा ऐकू आला. धावत गेले तर मिलेनाबाई खुर्चीत, दोन्ही पाय मफलरने बांधलेले, आणि समोर त्यांच्या दोन मुली कमरेवर हात ठेवून उभ्या. एक बँकेत अधिकारी आहे, दुसरी दोन पोरांची आई. मी पोलिसांचा नंबर शोधायला लागले, तेव्हा सगळ्या हसत सुटल्या. हा इथला आईचा दिवस, मातेरित्से. यांचा नाताळ सात जानेवारीला असतो, त्याच्या आधीचा दुसरा रविवार. मुलांनी आईचे पाय बांधायचे आणि आईने खाऊ, भेटी देऊन सुटका करून घ्यायची. मिलेनाबाईंनी उशीखालून अक्रोड आणि सुकी अंजिरं काढली. मलाही लाल मोजे दिले. म्हणाल्या, माझ्या छपराखाली राहतेस ना, मग तूही बांध.

तुम्हाला काय म्हणून लिहावं ते ठरेना, म्हणून 'नर्मदाबाई' लिहिलं. चुकलं असेल तर सांगा.

आपली,
दीपाली


कुंभवली
६ फेब्रुवारी २०२५

चि. दीपालीस अनेक आशीर्वाद.

'नर्मदाबाई' अजिबात चुकलं नाही. 'ऐका ना'पेक्षा पुष्कळ बरं. आमच्या लग्नानंतर तू चार महिने घरात होतीस तेव्हा मला 'ऐका ना' म्हणायचीस, आणि तुझे बाबा म्हणतात 'ऐकलंस का'. भाजी फोडणीला टाकताना मला कळायचं नाही की नक्की कोणी बोलावलं. त्रेपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा बोहल्यावर चढलेल्या बाईला एवढी सवय कुठून असणार?

स्पीकरचं वाचून तुझे बाबा रुसले. मग ते तुला सांगायला त्यांनी फोन लावला, स्पीकरवर.

तुझी मातेरित्से मी अंगणवाडीत पोरांना सांगितली. ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी मी पोषण आहाराची पाकिटं मोजत बसले होते, तर खालून पाय जखडलेले. आमची मदतनीस लाडकी हिची ओढणी वापरली होती आणि लाडकी स्वतः दाराआड तोंडावर हात दाबून हसत होती. गाठ स्वराने मारली. ती चार वर्षांची आहे, पण गाठ सुटता सुटत नाही. मी म्हटलं, शेंगदाण्याचा एकेक लाडू देते, सोडा. म्हणाली, "दोन."

नेमक्या त्याच वेळी कोळगावहून मुख्यसेविका तपासणीला आल्या. दारातच थबकल्या. म्हणाल्या, "हे काय चाललंय?" स्वराने त्यांना सांगितलं, "बाई आज आमची आई हाय. सोडायची नाय." मुख्यसेविकांनी शेऱ्यात काय लिहिलं माहीत नाही, पण दोन लाडू त्याही घेऊन गेल्या.

आता मला चटक लागली. तुझ्या कारखान्यात देशोदेशींची माणसं आहेत म्हणालीस. त्यांच्याकडे आईचा दिवस कसा असतो, विचारून लिही. मेच्या रविवारचं मला माहीत आहे, तो मोबाइलवर येतो. दुसरे सांग.

तुझी,
नर्मदा


नोवी साद
२३ मार्च २०२५

नर्मदाबाई, नमस्कार.

तुमच्यामुळे मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना गाठून एकच प्रश्न विचारते. लोक आता मला लांबून बघूनच सांगायला लागतात.

इथिओपियाची एक मुलगी आहे. तिच्या भागात पावसाळा संपला की लेकरं घरी येतात. मुली भाजी, लोणी, मसाला आणतात, मुलगे मटण आणतात. आई सगळं एकत्र शिजवते. मग तोंडाला लोणी फासून नाचतात, दोन-तीन दिवस. मी विचारलं, पाऊस लांबला तर? म्हणाली, तर आई थांबते.

इंग्लंडचा एक इंजिनियर आहे. त्यांच्याकडे हा दिवस मार्चमध्येच असतो, या वर्षी पुढच्या रविवारी. पूर्वी मोठ्या घरांतून कामाला असलेल्या पोरींना वर्षातून त्या दिवशी घरी सोडायचे. त्या वाटेवर रानफुलं तोडत आईकडे जायच्या. तो स्वतः आईला ऑनलाइन फुलं पाठवतो आणि दर वर्षी जुन्या पत्त्यावर पाठवतो.

आणि धनमाया. ती नेपाळची, माझ्याच टेबलावर काम करते. त्यांच्याकडे वैशाख महिन्यातल्या अमावास्येला आईचं तोंड बघायचं असतं. कुठूनही यायचं, गोडधोड आणायचं, तोंड बघायचं. मी विचारलं, आणि ज्यांची आई नाही ते? ती म्हणाली, काठमांडूजवळ एक तळं आहे, ते तिथे जातात. पूर्वी म्हणे त्या पाण्यात गेलेल्या आईचा चेहरा दिसायचा. त्यानंतर मी त्या दिवशी कोणाला काही विचारलं नाही. आईला जाऊन सहा वर्षं झाली, तरी असं मधूनच होतं. तुम्हाला लिहिलं तर चालेल असं वाटलं, म्हणून लिहिलं.

आपल्याकडे आहे का हो असा काही दिवस? आमच्याकडे आई पोळ्याला मातीचे बैल पूजायची. त्या पलीकडे मला काही आठवत नाही.

आपली,
दीपाली


कुंभवली
१४ मे २०२५

चि. दीपालीस आशीर्वाद.

चालेल काय, मला बरं वाटलं. तुझ्या आईचा फोटो दिवाणखान्यात आहे तिथेच आहे. मी रोज पुसते. वच्छलाबाईंशी माझं बोलणंही असतं, बहुतेक तुझ्या बाबांच्या तक्रारी. त्या ऐकून घेतात.

रविवारी आमच्याकडे मदर्स डे झाला. तुझ्या बाबांनी बोईसरला बेकरीत पाटी बघितली आणि केक घेऊन आले. वर 'हॅपी मदर्स डे नर्मदा' असं लिहून. शेजारच्या गोजराबाई मेणबत्ती बघून आल्या आणि त्यांनी सरळ विचारलं, "पन ही कोनाची आई?" तुझे बाबा सुरी हातात धरून उभे राहिले. मी म्हटलं, अंगणवाडीतल्या सगळ्यांची, कापा आता. मग कापला. मला हसूच येत होतं, खोटं नाही. पण रात्री भांडी घासताना तो प्रश्न परत आठवला.

तू विचारलंस, आपल्याकडे दिवस आहे का. आहे की. पिठोरी अमावास्या. आमच्या माहेरी, पामला, घरोघरी असते. आई दिवसभर उपास करते, संध्याकाळी पूजा मांडते. मग खीरपुरीचं ताट घेऊन आमच्याकडे पाठ करून बसते. ताट खांद्यावरून मागे धरते आणि मागे न बघता विचारते, "अतिथी कोण?" मागे बसलेल्या पोराने आपलं नाव सांगायचं, "मी अमुक," आणि ताट घ्यायचं. आम्ही चौघं होतो. मी सगळ्यांत धाकटी, त्यामुळे माझी पाळी येईपर्यंत खिरीत काजू उरलेला नसायचा. आयेला आवाजावरून कळत असणार कोण ते, पण ती दर वेळी अशी विचारायची की जणू दारात कोणी परकं आलंय. आणि नाव ऐकलं की तिची पाठ हसायची. पाठ कशी हसते ते मागे बसल्याशिवाय कळत नाही.

आये गेली, मग भावांचे संसार केले, त्यांच्या बायकांच्या पूजा मांडून दिल्या. ताट धरायच्या बाजूला मी कधी बसले नाही. एकदा बसून बघावं असं मनात येतं, एवढंच. तू मनावर घेऊ नकोस.

तुझी,
नर्मदा


नोवी साद
१० जुलै २०२५

नर्मदाबाई, नमस्कार.

घाईत लिहितेय. काम फार आहे, डिसेंबरपर्यंत रजा मिळायची आशा नाही. पिठोरीचं मी इथे सगळ्यांना सांगितलं. मिलेनाबाईंनी त्याच रात्री स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून सूपचा वाडगा मागे धरला आणि काय विचारायचं ते विसरल्या. सूप माझ्या मांडीवर.

माझी खोलीतली मैत्रीण रश्मी लखनौची आहे. तिला ताटाची पद्धत एवढी आवडली की मला रोज विचारते, "अतिथी कोण?" मी रोज सांगते. सवय असलेली बरी.

आपली,
दीपाली


कुंभवली
२ ऑगस्ट २०२५

चि. दीपाली,

मला पत्र लिहायची सवय नाही. बॉयलरवर तीस वर्षं फक्त वाफेचा दाब लिहिला. पण हे फोनवर बोलायला जमणार नाही.

परवा तू विचारलंस, बाबा, भाद्रपद अमावास्या कधी आहे. मी कॅलेंडर बघून सांगितलं, एकवीस सप्टेंबर, रविवार. तू 'बरं' म्हणून लगेच फोन ठेवलास. मी समजलो. ती सर्वपित्री अमावास्या. आपण आईच्या नावाने पान वाढतो. एवढ्या लांब जाऊन तू तो दिवस लक्षात ठेवलास, बाळा, मला फार बरं वाटलं.

नर्मदालाही सांगितलं. ती 'बरं झालं' म्हणाली आणि मग बराच वेळ तांदूळ निवडत बसली. तांदूळ निवडलेलेच होते.

तुझा बाबा,
पुंजाराम


कुंभवली
२५ ऑगस्ट २०२५

चि. दीपालीस आशीर्वाद.

शुक्रवारी पिठोरी झाली. मी ताट धरलं नाही.

खरं सांगते, तयारी केली होती. तांदूळ, नवं ताट, खिरीला काजू जास्तीचे. मनात होतं की फोन मागे पाटावर ठेवायचा, स्पीकरवर, आणि तू तिथून नाव सांगायचं. खीर तुझ्या बाबांनी खायची. तुला सांगणारच होते. तेवढ्यात यांनी सांगितलं की तू सर्वपित्रीची तारीख विचारलीस. मी म्हटलं, पोरगी आईला शोधतेय, आणि मी मध्येच ताट घेऊन कुठे बसू? तुझ्यावर राग नाही गं. उलट तू तशी आहेस म्हणूनच माया वाटते. पण वाईट वाटलं, आणि ते तुला न सांगणं मला जमणार नाही.

सामान गोजराबाईंना दिलं. त्यांच्याकडे पूजा मी मांडली. त्यांचा मिसरूड फुटलेला नातू बबलू मागे बसला. त्यांनी विचारलं, "अतिथी कोण?" तो म्हणाला, "मी बबलू." खीर संपवून परत मागे जाऊन बसला आणि बारीक आवाज काढून म्हणाला, "मी चिमी." चिमी त्याची बहीण, ती वसतिगृहात आहे. गोजराबाई म्हणाल्या, "चिमीला मिशा कवा फुटल्या?" आणि तरी ताट दिलं.

आता एकवीस तारखेचं. तुझ्या आईला काय आवडायचं ते लिही. यांना विचारलं तर म्हणतात, सगळंच आवडायचं. नवरे असेच.

तुझी,
नर्मदा


नोवी साद
१२ ऑक्टोबर २०२५

ती. आये यांस सा. न.

परत आले तर पेटीत तुमचं पंचवीस ऑगस्टचं पत्र. मी तिकडे तुमच्याजवळ बसून खीर खात होते तेव्हा हे इथे येऊन पडलं होतं. जिन्यातच कोट न काढता बसून वाचलं आणि रडले. मिलेनाबाई विचारायला आल्या, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी नाही, कॅलेंडर चुकलं.

तिथे सगळ्या गोंधळात नीट सांगितलंच नाही. मला पिठोरीलाच यायचं होतं, तुमच्या मागे बसायला. रजा नाही वगैरे सगळं खोटं. दिवस कोणाला विचारायचा? तुम्हाला विचारलं तर फुटलं, बाबांना कारण सांगितलं तर त्याच संध्याकाळी तुम्हाला कळलं. म्हणून रश्मीला विचारलं. तिने लखनौला आईला विचारलं. उत्तर आलं, पिठोरी म्हणजे भादोंची अमावस. मग मी बाबांना साळसूदपणे विचारलं, भाद्रपद अमावास्या कधी? बाबांनी आपली सांगितली. आता कळलं की रश्मीकडे महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला. आपली श्रावणातली अमावास्या त्यांच्या भाद्रपदात जाते. मी अख्खा महिना उशिरा आले, तेही पितरांच्या दिवशी, बॅगेत लाल मोजे आणि अक्रोड घेऊन.

रिक्षातून उतरले तेव्हा तुम्ही तिघं भिंतीवरच्या पानाकडे बघत होतात आणि कावळा येत नव्हता. गोजराबाईंचं वाक्य मी इथे सगळ्यांना ऐकवलं: "कावला येत नाय, पन पोरगी आली." मी विचारलं, पिठोरीची तयारी झाली का, आणि तुम्हा तिघांची तोंडं बघून मलाच भीती वाटली. बाबा म्हणाले, "अगं, आज सर्वपित्री." मग म्हणाले, पितृपक्षात असलं काही करत नाहीत. तेव्हा गोजराबाईच उभ्या राहिल्या. "एकीला पान वाडलं, दुसरीनं ताट दिलं तर काय बिगडंल? आज सगल्या आयांचाच दिस हाय. खीर तर दोघींची एकच." यावर बाबा पाट आणायला आत गेले.

पण आये, एक विचारायचं राहिलं. तुम्ही आईच्या फोटोसमोर बसलात, ताट खांद्यावर घेतलंत, आणि कितीतरी वेळ काही विचारलंच नाहीत. ताट कलंडलं, खीर माझ्या केसांत सांडली. मला वाटलं, तुम्ही उठणार. काय करत होतात?

आई हा शब्द मी आईकडेच ठेवलाय. तुम्ही तुमच्या आईला आये म्हणायचात. तो शब्द घरात नुसता पडून होता, म्हणून घेतला. आधी विचारायला हवं होतं, पण वर लिहून झालंय.

तुमची,
दीपाली


कुंभवली
२० नोव्हेंबर २०२५

चि. दीपालीस तुझ्या आयेचे आशीर्वाद.

शब्द घेतलास ते बरं केलंस. पत्राची पहिली ओळ वाचून मी पत्र मिटलं, अंगणात एक फेरी मारून आले आणि मग पुढचं वाचलं. तुझे बाबा विचारत होते, वाईट बातमी का? मी पत्रच त्यांच्या हातात दिलं. आता ते ती पहिली ओळ येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

विचारलंस, इतका वेळ काय करत होते. तू मागे होतीस, तुला समोरचं दिसलं नाही. सांगते.

समोर वच्छलाबाई होत्या. मी मनात त्यांना म्हणत होते, बाई, दिवस तुमचा, पान तुमचं, पोरगी तुमची. मी फक्त ताट धरलंय. नको असेल तर आत्ताच सांगा. आणि मला खरंच भीती वाटत होती. विचारलं आणि मागून नाव आलंच नाही तर, असलंही वेडंवाकडं मनात येत होतं. तू तिथे बसलेली आहेस हे माहीत असून.

तेवढ्यात तुझे बाबा कावळा आला का बघायला उठले आणि त्यांनी खिडकी उघडली. उजेड फोटोच्या काचेवर आला. सकाळीच पुसलेली काच. त्यात आधी त्या दिसल्या. मग त्यांच्यावर माझा चेहरा दिसला, आणि माझ्या खांद्यावरून तुझा, केसांत खीर, तोंड उघडलेलं, अंगणवाडीतलं पोर उत्तर माहीत असलं की जसं बसतं तशी. मला तुझ्या धनमायाचं तळं आठवलं. ते आपल्या घरात होतं आणि मी रोज पुसत होते. आम्ही तिघी त्यात एकमेकींना खेटून मावलो होतो, आणि त्या हसत होत्या. फोटोत त्या हसऱ्याच आहेत, ते मला माहीत आहे. तरीपण.

मग मी विचारलं. तू म्हणालीस, "मी दीपाली." त्याच वेळी बाहेरून तुझे बाबा ओरडले, "शिवला, कावळा शिवला." तू माझ्या पाठीला कपाळ टेकवून हसलीस, म्हणजे माझी पाठ हसत होती की नाही ते तुलाच माहीत.

सोबत पार्सल आहे. ते अठ्ठावीस डिसेंबरच्या आधी फोडायचं नाही. त्या रविवारी मातेरित्से आहे, मी मिलेनाबाईंना तुझ्याकरवी विचारून घेतलं होतं, आठवत असेल. या वेळी तारीख पक्की आहे. त्या सकाळी मी खुर्चीत पाय बांधून बसणार. गाठ स्वरा मारणार आहे, तेव्हा आपोआप सुटेल ही आशा नाही. पार्सलमध्ये माझ्या सुटकेची खंडणी आहे, बोंबलाची चटणी आणि काजू. ती मोजून घे आणि फोन कर. तू 'सोडा' म्हणेपर्यंत तुझ्या बाबांनी चहा करायचा असं ठरलंय, त्यामुळे तेही तुझ्या फोनची वाट बघणार आहेत.

फोन उचलल्यावर मी पहिलं काय विचारणार ते तुला माहीत आहे. नाव मोठ्याने सांग. फोन स्पीकरवर असेल, गोजराबाईंच्या ओट्यापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.

तुझी,
आये